देवराईतली वाळकी लाकडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पुण्याला कसब्यात घरी नाही, मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी आता काय बिघडणार आहे?

हडपसरवरून दिवे घाट चढलात की आत एका गावाच्या कडेला विकासचा कॅम्प आहे. तंबू, शेकोटी, पिठलं-भाकरी. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना आसपासचं दाखवायचं काम माझं. मस्तानी तलाव, मल्हारगड, सासवडचं संगमेश्वर — कुठली पायरी निसरडी आहे, कुठे ऊन कधी येतं, सगळं पायांनी शिकलेली मी. आणि गावामागची देवराई. ती मला विकासच्या वडिलांनी, तात्यांनी दाखवली. चपला बाहेर काढायच्या. आणि आतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, ती देवाची. हे सांगितल्याशिवाय एकाही पाहुण्याला मी तिकडे धाडलं नव्हतं.

एका सकाळी मल्हारगडाबद्दल सांगत होते. विकास मध्येच हसून म्हणाला, "बाईंचं मनावर घिऊ नका. त्या पुस्तकातलं बोलत्यात. हितला माणूस मी हाय." पाहुणे हसले. मग त्याने त्यांना मल्हारगड सांगितला — माझाच, माझ्याच शब्दांत, मी जिथे थांबते तिथे थांबून. वर मला म्हणाला, चहाचं तेवढं बघा. बघितलं. आलं घालून आणला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय? एवढीशी असेल. मला ती दिवसभर जाळत होती.

दुपारी त्यातलीच चार पोरं आली, जवळपास काय बघू म्हणाली. देवराई बघा, म्हटलं. छान सावली आहे. आणि — इथे मी जरा थांबले, हे मला पक्कं आठवतं — शेकोटीला लाकडं हवी असतील तर आत वाळकी भरपूर पडलेली असतात.

विसरले? नाही. विसरले म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

बूट घालून, मोळ्या खांद्यावर टाकून पोरं देवराईतून बाहेर पडली, तेव्हा शेतावरून परतणाऱ्या बायकांनी त्यांना पाहिलं. दुसऱ्या दिवशी, पोरं पुण्याला परतल्यावर, गाव देवळात जमलं. जत्रेत पालखीला पहिला खांदा विकासच्या घराचा, पिढ्यानपिढ्या. तो मान काढून घ्यायची भाषा सुरू झाली. विकास धावत माझ्याकडे आला. "मॅडम, तुम्ही सांगितलं व्हतं ना त्यांना?"

"सांगितलं होतं की. नेहमी सांगते तसं."

देवळात मागे जाऊन बसले. त्याला खाली मान घातलेला बघायचं होतं. त्याने घातली. मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग तात्या उठले. म्हणाले, "बाईंनी सांगितलं नसंल असं व्हायचं न्हाई. म्या शिकीवलंय त्यास्नी. पाहुणे आमचे, चूक आमच्या घरची." आणि कुणी मागायच्या आत त्यांनी स्वतःच मान सोडला. पालखीला लागायचा तो खांदा तात्यांचा होता, विकासचा नव्हे. मला हे माहीत नव्हतं का? होतं. देवराईकडे बोट दाखवतानाही होतं. आणि आता तोंड उघडायचं सोडून मी देवाला हात जोडले.

यंदा जत्रेला गेले होते. पालखी दुसऱ्याच घराच्या खांद्यावर आली. तात्या गर्दीत कडेला उभे होते. मला बघून त्यांनी दोघा-तिघांना बाजूला सरकवलं आणि मला पुढे घेतलं, पालखी नीट दिसावी म्हणून. जेवलात का, असंही विचारलं. मी पालखी पाहिली. जेवले म्हटलं, तेवढंच. पलीकडे विकास खाली मान घालून उभा होता, आणि तात्यांच्या शेजारी उभी राहूनही मला ते बघायला आवडलं.