गायमुखच्या चढावर थांबलेली गाडी

माजिवड्याच्या कॉस्मासचा उजवा पाय गायमुखच्या चढावर गेला. घोडबंदरहून मीठ भरून येताना बैल दमले, म्हणून त्याने मधेच गाडी थांबवली आणि चाकांमागे दगड लावायच्या आधीच बैल सोडले. भरली गाडी मागे सरली. तिला अडवायला तो धावला आणि चाकाखाली सापडला.

जीव वाचला, पण कॉस्मास खाटेला खिळला. चार महिन्यांनी त्याच्या बायकोने, बिट्रिसने, बैल जुंपले. "बाईमाणूस गाडी हाकणार?" म्हणून गावाने नाकं मुरडली. पण घरात खाणारी तोंडं होती आणि बैलही होते.

गाडी तिला हाकता येत होती, भीती होती ती फक्त त्या चढाची. तिथे ती थांबतच नसे. बैलांच्या तोंडाला फेस येई, तरी "चल रे मोऱ्या, चल रे पवळ्या" करत माथा गाठी.

एके दुपारी मात्र ऐन चढावर पवळ्याचा खूर दगडात अडकून पाय मुरगळला. तो पाऊल टेकेना. मागे उतार, एका बाजूला दरी, आणि वाटेवर चिटपाखरू नाही.

"उभा राहा, राजा. थोडाच वेळ," ती पवळ्याला म्हणाली. तिने बैलांची तोंडं जराशी दरीकडे वळवली, म्हणजे गाडी मागे सरली तरी तिचं बूड डोंगराच्या बांधालाच टेकेल. गाडी हळूच सरली आणि बांधाला टेकून थांबली. मग खाली उतरून तिने दोन्ही चाकांमागे मोठाले दगड सारले, लाथ मारून पक्के बसवले. तरी बैल सोडायला हात धजेना. गाडीला खांदा लावून तिने रेटून पाहिलं. गाडी जागची हलली नाही. तेव्हा कुठे तिने जू उतरवलं, आणि वाटेच्या कडेला बसून हुंदके देत रडली.

पवळ्याचा पाय चोळून, त्याला विसावा देऊन ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती.

"उशीर का गं?" कॉस्मासने विचारलं.

"चढावर थांबलेले."

तो उठून बसला. "तिथंच?"

"तिथंच. आधी दगड लावले, मग बैल सोडले."

कॉस्मास मग म्हणाला, "मला ठाऊक होतं गं सगळं. त्या दिवशी बैलांची दया आली, नि विसरलो."

अपघाताबद्दल तो पहिल्यांदाच बोलला होता. बिट्रिसने त्याच्या हातात पेजेचा वाडगा दिला आणि शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने बाभळीचं लाकूड मागितलं. खाटेवर बसल्या बसल्या तासून त्याने दोन पाचरी केल्या, त्यांना दोरी बांधली. चाकामागे टाकायच्या आणि निघताना ओढून घ्यायच्या. बिट्रिसने त्या गाडीला अडकवल्या. महिन्याभरात कळव्याचे गाडीवानही दारात उभे राहू लागले, "कॉस्मासदादा, आम्हालाही करून द्या" म्हणत. पावसाळ्यात कुबडी घेऊन तो अंगणात येऊन बसू लागला, आणि आल्यागेल्याला चढावर गाडी कशी थांबवायची ते समजावून सांगू लागला.