साहेबाच्या मोटारीतलं मीठ

आमच्या चंद्रा आत्याने आयुष्यात एकच गुन्हा केला.

साहेबाची मोटार आतून धुतली.

हसू नका. त्या धुण्यापायी तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, तुरुंग दिसत होता.

आज आत्याचा स्मृतिदिन, म्हणून लिहितोय. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. मी पहिली सेकंडहॅण्ड गाडी घेतली, सगळ्यांना नागावच्या बीचवर फिरवून आणलं आणि गाडीत वाळूच वाळू झाली, तेव्हा.

मी पाण्याचा पाइप घेऊन आलो तर म्हातारी केवढ्याने ओरडली!
"आधी पानी चाखून बघ!"

मला वाटलं, वय झालं. मग ती पायरीवर बसली आणि बोलायला लागली.

एकोणीसशे तीस साल. भर उन्हाळा. मिठाची चळवळ पेटलेली.

आजोबा, म्हणजे आत्याचे आबा, अलिबागला ड्रायव्हर होते. कुणाचे? मिठाच्या खात्यातल्या देशी साहेबाचे, त्याच्याच बंगल्याच्या आवारात राहून. आता बोला.

साहेब मुंबईला गेलेले. संध्याकाळी निरोप आला की अक्षीच्या किनाऱ्यावर मीठ उचलणाऱ्यांवर लाठ्या पडल्या, आणि आत्याचा मामा डोकं फुटून वाळूत पडलाय.

आजी आजोबांना एवढंच म्हणाली, "माझा एकच भाऊ हाय."

आजोबांनी साहेबाची मोटार काढली. न विचारता.

ओहोटी होती. मोटार सरळ वाळूवरून नेली, मामाला मागच्या सीटवर आडवा घातला आणि चौलला वैद्याच्या ओसरीवर सोडून परत आले.

मामा अर्धा बेशुद्ध, पण पठ्ठ्याने धोतराच्या सोग्यात बांधलेलं मीठ काही सोडलं नव्हतं. ओलं मीठ. वाटभर पाझरत आलं.

सकाळी उजाडल्यावर दिसलं काय झालंय ते. खाली काथ्याच्या मॅटमध्ये वाळू. काळ्या कातडी सीटवर रक्त. आणि मीठ.

साहेब दुपारच्या बोटीने रेवसला उतरणार, आणि याच सीटवर बसणार.

आजोबा पेट्रोलचा डबा आणायला धावले. मोटार धुवायचं काम आत्यावर आलं. ती तेव्हा पंधरा-सोळाची.

तिने मॅट आपटली, फटींतली वाळू खराट्याच्या काडीने काढली. नारळाच्या सोडणाने, म्हणजे सुक्या सालीने, रिठ्याच्या पाण्यात सीट घासली. रक्त गेलं. सीट काळीभोर झाली. पोरगी खूश!

मग ऊन वर आलं.

सीट वाळायला लागली, तशा तिच्यावर पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या. आधी शिवणीवर. मग सगळीकडे.

आजोबा आले ते बघतच राहिले.
"कुठलं पानी घेतलंस?"
"आपल्या हिरीचं."
"अगो, ती हीर मचूळ हाय! पानी उडालं, मीठ राहलं!"

आता तिचं तरी काय चुकलं, सांगा? भांडी, कपडे, अंघोळ, सगळं त्याच खारट विहिरीवर चालायचं. गोडं पाणी लांबच्या तळ्यावरून डोक्यावर यायचं, फक्त पिण्यापुरतं. गोड्या पाण्याने काही धुतात, हे तिला सुचणारच कसं?

तिने घाबरून पुन्हा पुसलं. त्याच पाण्याने. आणखी पांढरं झालं.

ती मला म्हणाली, "वाटलं, आबाला मीच जेलात घातला."

तेवढ्यात आजी आली. कमरेवर पिण्याच्या पाण्याचा हंडा. दिवसभराचं पाणी तेवढंच. माझे वडील तेव्हा तान्हे, पाळण्यात रडत होते.

आत्या म्हणाली, "आये, मग प्यायचं काय?"
"तान्ह्याला माझं दूध हाय. आपलं बघू. तू पूस."

अख्खा हंडा सीटवर गेला. वर खोबरेल तेलाचा हात फिरवला. तेल जिरतंय तोवर आजोबा रेवसला निघालेसुद्धा.

आणि ह्या दोघी कोरड्या घशाने दारात बसल्या. मोटारीतून आजोबा उतरतात की पोलीस, एवढंच बघायचं होतं.

मोटार आली. आजोबा उतरले. मागून साहेब उतरले.

साहेबांनी आपल्या धोतराला लागलेलं खोबरेल बघितलं. मग वाकून चाकं बघितली, मडगार्डच्या आतून बोट फिरवलं. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूला कुणी हातच लावला नव्हता!

"धोंडू, मोटार आतून कुणी धुतली?"

आजोबा चाकांकडे बघायला लागले.

आत्या उभी राहिली. "मी."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले,
"चांगली धुतलीस. आता चाकंही धू. गोड्या पाण्याने."

आणि बंगल्यात निघून गेले.

झालं. सुटलो. असंच वाटेल ना तुम्हाला? मलाही वाटलं. मी म्हटलं, "आत्या, भला माणूस होता!"

ती माझ्यावर चिडली.

"भला व्हता, व्हय. पन आज बोलंल, उद्या बोलंल, म्हनून आबा झोपला न्हाय. साहेबाची बदली होईस्तवर मान वर करून जेवला न्हाय. धरून नेला असता तर सुटून तरी आला असता रे."

मी पाइप खाली ठेवला.

आत्याच्या लग्नानंतरही, म्हातारपणीही, रस्त्यावर गाडी थांबली की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. पोस्टमन असो, भाजीचा टेम्पो असो. आम्ही पोरं चिडवायचो, "आत्या, बस, तुझ्याकडे कोणी आलं नाहीये!" ती हसायची, पण गाडी पुढे गेल्याशिवाय बसायची नाही.

आम्हाला वाटायचं, तिला पाहुण्यांची हौस आहे.

आत्या, साहेब गेले, आबा गेले, मामा गेला. आता विचारायला कोणी येणार नाही.

दारात कुठलीही गाडी थांबू दे.

तू उठू नकोस.