अत्तर जात नाही

साळवेबाई पार्सल काट्यावर ठेवण्याआधी क्षणभर दोन्ही हातांत धरून डोळे मिटत. सातपूरच्या आमच्या छोट्याशा पोस्टात खिडकीतून दुपारचं ऊन यायचं, पंखा संथ फिरायचा आणि रांगेतली माणसंही आपोआप गप्प व्हायची.

"कुणाला जातंय ते आधी सांगा, काय जातंय ते मग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

घोटीचे एक म्हातारबाबा तांदळाची पिशवी घेऊन आले होते. "पोरगा फौजेत हाय, लय लांब." बाईंनी पिशवीचा वास घेतला. "तांदूळ जातो, बाबा. पण पिशवी दुहेरी शिवून आणा. तिकडे बर्फात कुकरचं झाकण उघडलं की घोटी दरवळली पाहिजे." बाबा दुसऱ्या दिवशी पिशवी शिवून घेऊन आले.

मी गेलो तो वडील वारल्यानंतर महिन्याने. धाकटी बहीण मीना कॅनडात. वडिलांचं दुखणं मी तिला उशिरा कळवलं. उगाच घाबरेल म्हणून. तिला येता आलं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. फक्त एक मेसेज आला होता : बाबांची अत्तराची बाटली पाठव.

"अत्तर जात नाही, भाऊ," साळवेबाई म्हणाल्या. "पेट घेणारी वस्तू. विमानात चालत नाही."

"एवढीशी तर बाटली आहे!" माझा आवाज चढला. मग कसा कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून बसलो.

त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरून डोळे मिटले. "वडिलांचा एखादा सदरा आहे? न धुतलेला?"

घरी बायकोने सगळे कपडे धुऊन ठेवले होते. दाराआडच्या खुंटीवर एक तेवढा राहिला होता. कॉलरपाशी नाक नेलं आणि हिना, तंबाखू, उन्हात तापलेली मान... मी तसाच उभा राहिलो.

"सदरा जातो," बाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली.

तीन आठवड्यांनी मीनाचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "दादा, बाबा आलेत रे," आणि रडायला लागली. दोन महिन्यांपूर्वी रडायचं राहून गेलेलं सगळं. मीही रडलो.

दुपारी पोस्टात जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी खिडकीत 'बंद'ची पाटी ठेवली आणि मला बाहेर निंबाखाली घेऊन गेल्या. टपरीवरून चहा मागवला.

"बाई, तुम्हाला सुचलं कसं?"

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. पुढच्याच महिन्यात त्या रिटायर होऊन मनमाडला गेल्या. आमची पुन्हा भेट झाली नाही. त्या दिवशी मात्र चहा निवेपर्यंत थांबून त्या म्हणाल्या,

"माझ्या आईचं लुगडं मी ती गेली त्याच दिवशी धुऊन टाकलं होतं, भाऊ. स्वच्छ."