डायलिसिस आणि गूळपाणी

मंगळवार, मे महिना. सकाळपासून उकाडा. आभाळ भरून आलंय, वारा बिलकूल नाही.

चार तास हातात दोन सुया, नळ्या मशीनला जोडलेल्या. उठून जायची सोय नाही. आठवड्यातून तीनदा तोच बेड, तेच शेजारी. अशा जागी किस्से न साचले तरच नवल! अंगात साचलेलं पाणी मशीन काढतं. किस्से मी घरी जाऊन वहीत काढते.

* * *

माझ्या डाव्या हाताला हसनचाचा. सारी उमर जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेली.

डायलिसिससाठी हातातली एक शीर आणि धमनी ऑपरेशन करून जोडतात. तिथे बोट ठेवलं की सारखी थरथर लागते. थरथर आहे, म्हणजे रक्त नीट वाहतंय. सुरेखा सिस्टरनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, रोज तपासा.

चाचा तपासत नाहीत, सुया टोचायच्या आधी मनगट कानाला लावून ऐकतात! मग माझा हात मागतात.

"ताई, तुमचं इंजिन फर्स्टक्लास."

"आणि माझं?" पलीकडून बापू.

चाचांनी बापूंचं मनगट बराच वेळ ऐकलं. "चालतंय. पण तुम्ही ओव्हरलोड भरता, बापू!"

* * *

ओव्हरलोड म्हणजे पाणी. किडन्या थकल्या की लघवी जवळजवळ होत नाही. प्यालेलं अंगातच राहतं. म्हणून आल्या आल्या वजनकाटा. मागच्या वेळेपेक्षा जितकं वाढलं, तितकं पाणी.

मला एक शंका बरेच दिवस होती. शेवटी विचारलीच. "सिस्टर, सोलकढी पाण्यात धरायची का? ती तर जेवणात मोडते."

"ताई, वाटी पालथी केली तर सांडेल ना?"

"सांडेल."

"मग पाणीच!"

त्या दिवसापासून मी घरातली प्रत्येक वाटी मनातल्या मनात पालथी करून बघते. पेज सांडते. आमटी सांडते. बर्फाचा खडा सांडत नाही म्हणून मी खूश झाले होते. सिस्टर म्हणाल्या, "थोडा वेळ थांबून बघा."

* * *

बापूंची हापूसची बाग आहे. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि आंब्यात ते भरपूर. ऐन सीझनमध्ये बापूंचा रिपोर्ट आला. डॉक्टर हादरले.

"आंबा खाल्लात?"

"छे! एकसुद्धा नाही."

"मग हे कुठून आलं?"

"चाखला. पेटी देताना चाखायला नको? गिऱ्हाइकाला काय सांगू, डॉक्टरांना विचारा?"

"किती चाखलेत?"

बापू छताकडे बघायला लागले. चाचा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पेट्या किती गेल्या ते विचारा!"

* * *

मागचा मंगळवार मात्र हसण्यासारखा नव्हता. बापू धापा टाकत आले. काट्यावर चार किलो जास्त.

सुरेखा सिस्टर इथल्याच, इकडच्या चालीरीती त्यांना पाठ. त्यांनी काटा बघितला, मग बापूंकडे बघितलं. "लेकीच्या लग्नाची आमंत्रणं करताय ना? किती घरं झाली?"

"बावीस."

"आणि घरटी गूळपाणी?"

"एकेक घोटच हो! पुढे आलेलं गूळपाणी नाकारून कसं उठायचं?"

"घोट की कळशी?" चाचा म्हणाले. पण त्यांचाही आवाज खाली होता.

डॉक्टर स्पष्ट बोलले. "लग्न रविवारी ना? गुरुवारी दोन किलोच्या वर वाढ दिसली, तर ॲडमिट करणार. फुफ्फुसात पाणी भरलं तर मांडवातच कोसळाल."

डॉक्टर गेल्यावर बापू म्हणाले, "सात घरं राहिलीत. थोरल्या काकीचं पण."

"वहिनींना पाठवा की," मी म्हटलं.

"आमच्याकडे कर्त्याने जायचं. दादाने मागे काकीला फोनवर आमंत्रण दिलं, तर त्या सात घरांतलं एकही माणूस मांडवात आलं नाही."

"मग सांगा ना सरळ, डॉक्टरांनी पाणी तोडलंय."

बापूंनी शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली. भर मे महिन्यात ते पूर्ण बाहीचा शर्ट का घालतात, ते मला तेव्हा कळलं. "वाडीत कुणालाच माहीत नाही, ताई. मी रत्नागिरीला पेट्या घेऊन येतो, असंच सांगितलंय. मुलीच्या सासरी कळलं तर?"

चाचा त्या दिवशी कुणाचंच इंजिन ऐकायला उठले नाहीत.

* * *

गुरुवारी बापू आले ते चालत, धाप नाही. सुया टोचून झाल्यावर आपणहून सांगायला लागले.

"काल पहिलं घर काकीचंच. पत्रिका दिली, अक्षता दिल्या. काकीने सुनेला हाक मारली, 'बापू आलाय गो, गूळपाणी आण.' सुनेने ताटलीत गुळाचा खडा आणि तांब्या आणून ठेवला. मी तांब्या उचलला, तर हलका! आत बघितलं. कोरडा ठणठणीत."

"विसरली असेल," सिस्टर म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं. काकीकडे बघितलं. ती म्हणते, 'पी रे बाबा, उन्हातून आलास.'"

"मग?"

"मग काय! तांब्या तोंडाला लावला. खाली ठेवला. म्हटलं, काकी, तुमच्या विहिरीचं पाणी अजून तसंच गोड आहे हो."

"आणि बाकीची घरं?" चाचांनी विचारलं.

"सहाही घरांत तांब्या रिकामाच आला. काकीला कुणी सांगितलं, देव जाणे!"

गुरुवारची वाढ एक किलो सहाशे. रविवारी बापूंनी कन्यादान केलं. काकी पहिल्या रांगेत होत्या.