राखणदार नावाचं मशीन

अकरा जानेवारी, रविवार. रक्कम पंचवीस हजार तीनशे. हजर: मी, बायको, आई आणि शेजारच्या काकू.

जुना सर्व्हर चौदा हजार, वाढीव मेमरी चार हजार आठशे, नवी डिस्क तीन हजार दोनशे, नेटवर्कचा स्विच नऊशे आणि मॉनिटरमागे चिकटवायचे दोन छोटे संगणक बाराशेप्रमाणे चोवीसशे. सर्व्हर बेलापूरच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातला होता. टेम्पोवाल्याने तो आमच्या नागावच्या घरी पडवीत उतरवला, तेव्हा त्यावर धुळीचा थर आणि कुणीतरी चिकटवलेला गणपती होता. गणपती मी राहू दिला.

हा खर्च हौसेचा नव्हता. जवळच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं मी संगणक विभाग सांभाळला. मार्चअखेर तो विभागच बंद होणार होता. सगळं बाहेरच्या कंपनीकडे जाणार, आणि त्या बाहेरच्या कंपन्यांना माणूस हवा होता तो एका मशीनवर अनेक मशीन चालवता येणारा. ते काम मी कधी हाताने केलं नव्हतं. शिकवणीची फी दीड लाख सांगितली. माझं वय एकोणपन्नास. म्हणून हा सर्व्हर.

आईने पलंगावरून विचारलं, "एवढ्या मोठ्या खोक्यात काय हाय?"

"एकच संगणक, पण त्याच्या आत मी आठ-दहा संगणक बसवणार. प्रत्येकाला वाटेल आपण वेगळे आहोत."

"म्हंजे चाळ बांधतोस. एका छपराखाली धा बिऱ्हाडं." ती थांबून श्वास घ्यायची, मग पुढचं बोलायची. "नि भाडं कोन देनार?"

काकू म्हणाल्या, "वैनी, भाडं तुमची सून देनार. ती जाते ना रोज अलिबागला टायपिंग करायला."

बायको हसली नाही. ती वकिलाच्या ऑफिसात आहे. एप्रिलपासून घरात खात्रीचा पगार तिचाच राहणार होता.

आईच्या नाकाला नळी होती. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, भाड्याचं, महिना साडेचार हजार. मिनिटाला दोन लिटरवर लावलेलं. लाईट गेली की ते इन्व्हर्टरवर जायचं. आमच्याकडे लाईट जाण्याला काही विशेष लागत नाही. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, नारळाची झावळी पडते, शनिवारी देखभाल असते. म्हणून इन्व्हर्टर हे आमच्या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र होतं, हे मला सर्व्हर आणण्याआधीही ठाऊक होतं. तसं लिहून ठेवतो, कारण पुढे मला ते ठाऊक नव्हतं असं कुणाला वाटू नये.

मी हिशेब केला होता. आईचं यंत्र तीनशे तीस वॅट. माझी सगळी मांडणी एकशे साठ. नुसतं आईचं यंत्र असेल तर बॅटरी पावणेचार तास पुरते, दोन्ही असतील तर अडीच. आकडे मी पडवीतल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिले. सर्व्हर साध्या लाईनवर लावावा, हे सरळ होतं. पण लाईट जाताच तो धाडकन बंद पडला तर आतली सगळी मशीन अर्धवट तुटतात, आणि डिस्क गेली तर दुसरी आणायला पैसे नव्हते. त्याला नीट बंद व्हायला पाच-सात मिनिटं हवी होती. ती पाच-सात मिनिटं मी आईच्या बॅटरीतून घ्यायची ठरवली.

व्यवस्था अशी केली. इंटरनेटचा मोडेम सर्व्हरसोबत इन्व्हर्टरवर ठेवला आणि एक जुना, वापरात नसलेला मोडेम साध्या लाईनवर लावला. सर्व्हरच्या आत एक लहानसं मशीन बनवलं, त्याला नाव दिलं राखणदार. आमच्याकडे वेशीवरच्या देवाला म्हणतात ते. राखणदार दर मिनिटाला मोडेमला हाक मारायचा. पाच मिनिटं उत्तर आलं नाही तर लाईट गेली असं समजून तो सगळ्यांना झोपवायचा आणि शेवटी सर्व्हर बंद करायचा. फेब्रुवारीत मी मेन स्विच पाडून अकरा वेळा तपासलं. अकराही वेळा बरोबर चाललं.

लाईट जाऊन इन्व्हर्टर लागण्याचा क्षणभराचा झटका बसू नये म्हणून मध्ये एक लहान जुना यूपीएस होता; त्याच्या बॅटरीवर पाच-सात मिनिटांचाही भरवसा मला नव्हता. प्रत्येक झटक्याला तो टीं-टीं करायचा. दुपारी आईजवळ काकू बसायच्या, पडवीत पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत. पहिल्या दिवशी त्या घाबरून उठल्या.

"अरे, वैनींचं यंत्र वरडतंय!"

"नाही काकू, ती माझी पेटी. टीं-टीं झालं तर घाबरू नका. आपोआप थांबतं."

"बरं हाय. म्हंजे उठायला नको."

"नको."

पुढे आणखी दोनदा त्यांनी विचारलं आणि दोन्ही वेळा मी हेच सांगितलं. दुसऱ्या वेळी जरा चिडून.

मार्चपर्यंत मला बरंच जमू लागलं. ईमेलच्या टपालाचं मशीन, फायलींच्या दप्तराचं मशीन, आणि मग मुख्य गोष्ट: सर्व्हरच्या आत दहा माणसांचे दहा डेस्कटॉप, कुठूनही उघडता येणारे. नवी मुंबईतल्या एका कंपनीने एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी साडेबाराला बोलावलं. मी ठरवलं, तोंडाने सांगण्यापेक्षा तिथे बसून घरचे डेस्कटॉप उघडून दाखवायचे. त्यासाठी सर्व्हर चालू ठेवून जाणार होतो. एरवी मी घरात नसताना तो बंद असे.

शुक्रवारी संध्याकाळी सराव केला. दहाव्या डेस्कटॉपला मेमरी कमी पडली. आतल्या यादीत पाहिलं, कोण नसलं तर चालेल. राखणदाराकडे दोन जीबी होती. त्याला थांबवलं, दहावा उघडला, सगळं सुरळीत झालं. मग बायकोने जेवायला हाक मारली.

यात चूक दोन जीबीची नव्हती. घराची राखण करणाऱ्याला मी घरातल्या बिऱ्हाडांतच खोली दिली होती, आणि गर्दी झाल्यावर पहिला त्यालाच उठवला. पाचशे रुपयांत त्याच्यासाठी वेगळं, बाहेरचं एक छोटं यंत्र आलं असतं. मी ते यादीत लिहिलंही होतं आणि खोडलं होतं.

शनिवारी सकाळच्या एसटीने गेलो. मुलाखत बरी झाली. समोर दोघे होते, दोघेही माझ्यापेक्षा लहान. मी त्यांच्या पडद्यावर घरचे दहाही डेस्कटॉप एकामागून एक उघडले. एकाने विचारलं, "काका, गावाकडे लाईटचं काय? गेली की सगळं झोपतं?"

"पाच मिनिटांत आपोआप बंद होतं. तशी व्यवस्था केली आहे."

"मस्त. म्हणजे आत्ता लाईट आहे तुमच्याकडे."

"आहे," मी म्हणालो.

एक वाजायला दहा मिनिटं होती. नागावात अकरा अठ्ठावन्नलाच लाईट गेली होती.

शनिवारी बायकोचं ऑफिस अर्धा दिवस असतं. ती तीन वाजून बारा मिनिटांनी घरात शिरली. काकू पडवीत माळ विणत होत्या. "झोपल्यात," त्या म्हणाल्या. आत यंत्र बंद होतं आणि आईचे ओठ जांभळे होते. बायकोने कपाटामागचा ऑक्सिजनचा लहान राखीव सिलिंडर ओढला, चावीने उघडला आणि नळी लावली. मग रिक्षा, मग अलिबागचं रुग्णालय. मला फोन आला तेव्हा मी वडखळच्या थांब्यावर वडा-पाव खात होतो.

आई चार दिवस रुग्णालयात होती. तिसऱ्या दिवशी मी कपडे आणायला घरी आलो आणि सर्व्हर चालू केला. नोंदी त्यात होत्या. अकरा अठ्ठावन्नला झटका. दोन एकतीसला इन्व्हर्टर संपला. त्यानंतर यूपीएसच्या जोरावर माझा सर्व्हर आणखी नऊ मिनिटं चालला, म्हणजे आईच्या यंत्रापेक्षा नऊ मिनिटं जास्त. त्या नऊ मिनिटांत घरात दोन यंत्रं टीं-टीं करत होती. लाईट परत आली तीन पंचवीसला, हे वीज कार्यालयातून कळलं. भिंतीवरच्या आकड्यांप्रमाणे नुसतं आईचं यंत्र असतं तर बॅटरी तीन पंचेचाळीसपर्यंत गेली असती. वीस मिनिटं शिल्लक राहिली असती. आईला हवा नव्हती ती मिनिटं एकेचाळीस.

मी हे सगळं एका कागदावर उतरवलं आणि तो बायकोला दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

"अहो, म्हणजे तुम्ही तिथे दाखवत होतात ते…"

"हो. आईच्या बॅटरीवर."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "आईंना सांगू नका. काकूंना सांगा."

कारण काकू रुग्णालयात रोज डबा घेऊन येत होत्या आणि दाराबाहेरच बसत होत्या. आत येत नव्हत्या. माझ्या हातात डबा द्यायच्या आणि मान खाली घालायच्या.

मी पडवीत त्यांच्यासमोर बसलो आणि क्रमाने सगळं सांगितलं. राखणदाराला थांबवलं ते, सर्व्हर चालू ठेवून गेलो ते आणि बॅटरी का संपली ते. त्यांचे हात कांद्याच्या पातीवर थांबले होते.

"मी ऐकलं व्हतं रे," त्या म्हणाल्या. "टीं-टीं मी ऐकलं व्हतं. एक न्हाय, दोन आवाज व्हते. मला वाटलं, तुझ्याच पेटीचं."

"मीच तसं सांगितलं होतं, काकू. तीनदा."

"व्हय. तूच सांगितलं व्हतंस." मग माळ खाली ठेवत, "पन आत डोकवायला काय झालं व्हतं मला? चार पावलं व्हती."

मी सांगून त्यांची सुटका झाली नाही. वाटा दोघांत झाला, इतकंच.

आई घरी आली ती चार लिटरवर. पूर्वी ती सकाळी नळी काढून पडवीपर्यंत येऊन बसायची. आता पलंगावर उठून बसली तरी धाप लागायची. डॉक्टरांना मी नोंदींचा कागद दाखवला. ते म्हणाले, "फुफ्फुसं आधीच संपत आली होती. यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. यामुळे नाही झालं, असंही म्हणणार नाही."

एप्रिलअखेर कंपनीचा फोन आला. पगार जुन्यापेक्षा चार हजारांनी कमी, कामाला जूनपासून. आईने विचारलं, "घेतली त्यांनी तुला?"

"घेतली."

"त्या चाळीमुळं?"

"हो."

"बघ. मी म्हनलं व्हतं ना, भाडं कोन देनार." ती थांबली, श्वास घेतला. "त्या दिवशी मला काय कळलं न्हाय रे. मी झोपले व्हते."

मी तिला काहीच विचारलं नव्हतं. तिला कुणी सांगितलं, की कुणी सांगितलंच नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

एकोणीस मेच्या सकाळी ती गेली. लाईट होती, यंत्र चालू होतं.

तेरावं झाल्यावर मी यंत्र पुसून अलिबागला दुकानात परत नेलं. मालकाने मागचा मीटर पाहून ते किती तास चाललं तो आकडा वहीत उतरवला आणि अनामत दहा हजार मोजून दिले. मेच्या भाड्याचं मी विचारलं. तो म्हणाला, "राहू दे हो, आई गेली तुमची." मी म्हणालो, एकोणीस दिवस ते आमच्याकडे चाललं आहे. साडेचार हजार भागिले एकतीस, गुणिले एकोणीस. दोन हजार सातशे अठ्ठावन्न रुपये ऑक्सिजनच्या दुकानमालकाला रोख दिले. पावती घेतली.