सेव्हिलला कसं जायचं

कुवेतला, फिंतासमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर एक एक्स-रे टेक्निशियन राहत. ‘विषय संपला’ असं म्हणूनच ते कुठलाही विषय सुरू करत. त्या वर्षी नवराबायको सुट्टीत स्पेनला निघाले, आणि माद्रिदहून सेव्हिलला बसने जायचं की ट्रेनने, यावर महिनाभर आमच्याच घरी येऊन भांडले. बायकोला बस हवी होती, कारण ती गावागावांतून जाते.

"इथे कुवेतमध्ये रूळ बघायलाही मिळत नाहीत, वहिनी. तेव्हा ट्रेन. विषय संपला," ते मला बजावत.

माद्रिदला पोचल्यावरही कुणी हट्ट सोडला नाही. त्या बसने गेल्या, ते ट्रेनने.

परत आल्यावर बाईंनी बसमधल्या गमती अगदी रंगवून सांगितल्या. ते चहात बिस्किट बुडवत होते. त्या हात धुवायला आत गेल्यावर मी विचारलं, "भाऊजी, तुमची ट्रेन कशी होती?"

"झकास! एकदम आरामशीर," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "शेजारची जागा रिकामी होती, वहिनी. सूर्यफुलांची शेतं दिसली की माझ्या तोंडून आपलं ‘अगं, बघ’ निघायचं. समोरचा स्पॅनिश म्हातारा बिचारा दर वेळी बाहेर बघायचा."