वीणेसकट बाहुली

माझ्या थोरल्या जावेला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा धरायला नको. शाळेत हिंदी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आमची तंजावरची मराठी फक्त बोलण्यातली, देवनागरी हाताला लागली ती त्या नोकरीमुळे. राग मात्र आधीपासूनचाच आहे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी माझ्याकडे राहते. भाऊ ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत असतो आणि तिला राहावं लागतं तंजावरात, कारण तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत. वीणेची शेवटची परीक्षा देऊन ती नुकतीच मोकळी झाली होती, तेव्हा हे कळलं. आता आठवड्यातून दोनदा सकाळी ती तिरुवैयारूच्या बसमध्ये बसते, अर्ध्या वाटेवर उतरते आणि एका ट्रस्टच्या केंद्रात हाताला डायलिसिसच्या मशीनच्या नळ्या लावून पडते. ट्रस्ट पैसे घेत नाही. तेव्हा घरी येऊन ती तासभर आडवी व्हायची, सुयांच्या खुणा झाकायला लांब बाह्यांचं पोलकं घालायची आणि बरोबर पाच वाजता माझ्या पुढच्या खोलीत चटई अंथरायची. पाच वाजता मुली वीणा शिकायला येत. आसपासच्या घरांतल्या, बहुतेक तमिळ, दोन-तीन आमच्या मराठी लोकांतल्या. त्या मुलींच्या बेसूर तारा ऐकताना तिच्या तोंडावर जे यायचं, ते मला कुठल्याही डॉक्टरच्या रिपोर्टपेक्षा खरं वाटायचं.

तिची एकच अट होती, कुणाला कळता कामा नये. सगळ्यांना सांगितलं होतं की ती तिरुवैयारूला आपल्या गुरूंकडे शिकायला जाते. खोटं बोलायला बससुद्धा सोयीची होती. कुणाच्या घरी कॉफी पुढं आली तर उपास आहे म्हणायची, कारण पाणीसुद्धा तिला मोजूनच प्यावं लागतं. बायका तिला फार देवभोळी समजत. कळलं तर आया मुलींना पाठवणार नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हणायची, लोक इतके वाईट नसतात.

ट्रस्ट आपल्याकडून काही घेत नाही तर आपण काहीतरी करावं, म्हणून त्यांच्यासाठी निधी जमवणाऱ्या बायकांत मी नाव घातलं. जाऊबाईंनीही घातलं. त्या प्रत्येक गोष्टीत नाव घालतात. मंदिराचा कुंभाभिषेक असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, पहिल्या रांगेत त्यांची रेशमी साडी असतेच.

ट्रस्टनं आम्हा सगळ्यांना एक दिवस बोलावून नियम समजावले. निधीचं काम पाहणारा एक तरुण साहेब होता, चेन्नैहून आलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला. तुम्ही ट्रस्ट नाही, ट्रस्टसाठी काम करणारी माणसं आहात, हे प्रत्येकाला स्पष्ट सांगायचं. डबा सीलबंद असायला हवा आणि तो दोघींनी मिळूनच उघडायला आणायचा. देणाऱ्याला बदल्यात काही कबूल करायचं नाही. कुणाच्या दारात अडून बसायचं नाही. आणि पेशंटचं नाव, फोटो, गाव कुठंही वापरायचं नाही, त्यानं स्वतः होकार दिल्याशिवाय, आणि तो होकारही दडपण आणून घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम त्यानं दोनदा वाचला. मला तो माणूस आवडला. जाऊबाई मान डोलावत होत्या, आमच्या तंजावरच्या मान हलवणाऱ्या बाहुल्या डोलावतात तशी.

त्याच दिवशी आम्हाला आतला वॉर्ड दाखवला. मी मुद्दाम मागं राहिले. माझी भाची त्या वेळी तिथंच पडून होती, आणि आत गेलेल्यांत तिला ओळखणाऱ्या एकट्या जाऊबाईंनी तिला पाहिलं.

संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. माझा हात हातात घेऊन, आतलं बाहेर काढायचं नाही हा नियम आपल्याला ठाऊक आहे, आपल्या तोंडाला कुलूप, असं त्यांनी सांगितलं. डोळ्यांत पाणीही आणलं. मला त्या वेळी ते खरं वाटलं. खरं असेलही. त्यांना रडू पटकन येतं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या. वरच्या पायऱ्यांवर देव आणि खाली, जमिनीवर, ज्याला जे सुचेल ते. कुणी लग्नाचं वऱ्हाड मांडतं, कुणी भातशेती, कुणी बाजार. बायका संध्याकाळी एकमेकींकडे जातात, बाहुल्यांपुढं एखादं गाणं म्हणतात, हळदकुंकू, विडा आणि सुंडल नावाची उसळ घेऊन पुढच्या घरी. जाऊबाईंचा कोलू गावात नावाजलेला. त्या वर्षी त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की कोलूपाशी ट्रस्टचा डबा ठेवणार आणि खाली देखावाही त्याचाच करणार. साहेबानं परवानगी दिली होती. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी गेले. पायऱ्यांच्या खाली वॉर्ड मांडला होता. आगपेट्यांच्या खाटा, त्यांवर पांढऱ्या कापडाच्या चादरी, टोप्या घातलेल्या नर्स, पुठ्ठ्याची मशीनं. कौतुक करावं असंच काम होतं, ते मी नाकारत नाही. मधल्या खाटेवर एक तरुण मुलीची बाहुली निजवली होती. तिच्या डाव्या हाताला लाल लोकरीचा धागा बांधून मशीनला जोडला होता. अंगात लांब बाह्यांचं पोलकं होतं. आणि खाटेला टेकवून वीतभर लांबीची एक वीणा ठेवली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी मी गाणं म्हटलं. काय म्हटलं ते आठवत नाही.

मागं बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, ही वीणावाली कोण? जाऊबाई गोड हसल्या आणि म्हणाल्या की नाव सांगायचं नाही, नियम आहे. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्या बायकांनीही मग माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. त्या सुंडलवर खोबरं घालत होत्या. मी म्हटलं, ते बाहुलं आत्ताच्या आत्ता काढा.

"मी नाव सांगितल कां?" त्या म्हणाल्या. "फोटो ठिवल कां? मातीच बाहुल ते."

"मग त्याला वीणा कां दिलांत अक्का?"

त्यांनी खोबरं घालायचं थांबवलं आणि मला समजावायच्या सुरात म्हणाल्या, "वीणा नाहि तर कोण बघील? निस्त आजारी बाहुल बघून कोणाच मन वितळत नाहि."

त्यांचं चुकत नव्हतं, हेच मला सगळ्यात जास्त झोंबलं. हिशेब पक्का होता. आजारी माणूस पुरेसा नव्हता. गुणी, तरुण, गाणारा, आणि ओळखीचा वाटेल इतपत आजारी माणूस हवा होता, आणि तो त्यांना घरच्या घरी सापडला. मी आवाज चढवला. त्यांनी आवाज खाली आणला आणि मांडलेला कोलू विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत, घराला चांगलं नसतं, असं सांगून मला सुंडलचा द्रोण दिला. मी तो तिथंच ओट्यावर ठेवून आले. आमच्याकडे याहून मोठा अपमान करता येत नाही, आणि तो करायचाच होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाला फोन केला. तुमचा नियम मोडलाय, असं स्वच्छ सांगितलं. तो संध्याकाळी जाऊबाईंकडे गेला. मी दारात उभी राहून पाहत होते. त्यानं देखावा वाकून पाहिला, नर्सच्या टोप्यांचं कौतुक केलं, सुंडल खाल्लं. मग मला बाजूला घेऊन त्याच्या त्या मऊ तमिळमध्ये म्हणाला की नियमात नाव, फोटो आणि गाव हे तीनच शब्द आहेत, बाहुलीचा विचार कुणी केला नव्हता. पुढच्या वर्षी घालू. शिवाय मॅडम खूप मनापासून करतात, डबा दोनदा बदलावा लागला. आणि तुमच्या भाचीनं आता होकार दिला तर सगळंच नियमात बसेल, नाही का? एवढं बोलून जाताना त्यानं मोबाइलवर देखाव्याचा फोटो काढला. तो त्याच रात्री ट्रस्टच्या ग्रुपवर आला, खाली हात जोडल्याची चिन्हं घालून. वीणेसकट.

मला तो माणूस आवडला होता याची मला लाज वाटते.

भाचीला मी सांगणारच होते, पण माझ्याआधी एका मुलीची आई आली. चांगल्या घरातली, शिकलेली बाई. तिनं चपला बाहेर काढल्या, आत येऊन नीट बसली आणि विचारलं की हा आजार एकाचा दुसऱ्याला होतो का. मुली तीच वीणा वाजवतात म्हणून विचारलं, राग मानू नका, असंही म्हणाली. मी राग मानला. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला एवढं खरं. भाचीनं माझ्या दंडाला धरून मला गप्प केलं आणि त्या बाईला शांतपणे सांगितलं की तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, काळजी करू नका. बाई म्हणाली, छे छे, मला माहीत आहे, पण हिच्या परीक्षाही जवळ आल्या आहेत.

मग सगळ्यांच्याच परीक्षा जवळ आल्या. एकीला सायकलवरून पडल्यामुळे बोट दुखायला लागलं, एकीनं नाच सुरू केला, एकीचं तर काहीच कळलं नाही. आमच्या लोकांतल्या मुली सगळ्यांत आधी गळाल्या. त्यांच्या आया मात्र रस्त्यात भेटल्या की भाचीचा हात धरून, पोरी, तब्येत सांभाळ, असं म्हणायला विसरत नव्हत्या. तिला कीव पोटभर मिळत होती.

विजयादशमीला आमच्याकडे नवीन शिक्षण सुरू करतात. दर वर्षी त्या दिवशी माझी पुढची खोली भरून जाई. आया, बाबा, नव्या परकरातल्या पोरी, तबकात पानसुपारी आणि केळी. भाचीनं सकाळी वीणा पुसून फुलं घातली. तारा जुळवल्या. चटई अंथरली. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत राहिले, म्हणजे दाराची शांतता ऐकू येऊ नये. कुणीही आलं नाही. दुपारी तिनं चटई गुंडाळून ठेवली आणि मला म्हणाली, "अत्ते, तूं त्यांच्याशी भांडूनको. भांडलीस मणून कोणी परत येत नाहि."

मी ऐकलं नाही. जाऊबाईंच्या घरी जाऊन मी पुन्हा भांडले, दिरांसमोर, पाहुण्यांसमोर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की चार पोरींची शिकवणी गेली आणि किती जणांचे प्राण वाचणार, तूच तोलून बघ. दीर पेपरात तोंड घालून बसले. तेव्हापासून मी त्या घराची पायरी चढलेली नाही. घरातल्या लग्नालासुद्धा नाही.

पोंगल झाल्यावर केंद्रात नवीन मशीन आलं. कोलूच्या डब्यांतून आणि त्या फोटोमुळे बाहेरगावाहून आलेल्या पैशांतून. त्या दिवशी भाचीला थोडा ताप होता, म्हणून मी तिच्याबरोबर बसमधून गेले. खिडकीजवळची जागा मशीनला दिली होती. वर पितळी पाटी होती, तिच्यावर जाऊबाईंचं नाव, खाली लहान अक्षरांत महिला मंडळ. साहेबानं त्या शेजारी देखाव्याचा तो फोटो चौकटीत घालून लावला होता.

नर्स आनंदानं पुढं आली. रोजची ओळखीची, मायाळू बाई, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली की पहिला मान तुलाच द्यायचा असं आम्ही ठरवलं आहे, हे जुन्यासारखं कुरकुर करत नाही, ये. आणि चादर झटकून खाट दाखवली.

भाची उभीच राहिली. तिनं पाटी वाचली, फोटो पाहिला. खूप वेळ पाहिला. मला वाटलं रडेल, आणि मी काहीतरी फोडायच्या तयारीत होते, खरंच सांगते. पण तिनं पिशवी खांद्यावर नीट केली आणि नर्सला विचारलं की जुनं मशीन मिळेल का.

नर्स गोंधळली. जुन्या दोन्ही मशीनांवर पेशंट आधीच लागले आहेत, एखादं रिकामं व्हायला दुपार होईल, मग तुझं संपून तू घरी पोचेपर्यंत रात्र, असं तिनं समजावलं. तुलाच तर पाचच्या आत घरी जायची घाई असते ना, असंही म्हणाली.

"आता नसते," भाची म्हणाली. "पाच वाजता कोणी येत नाही."

आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले.